बाई, हे कुठल्या पानावर आहे?

24 जून 2024, सोमवार. शाळा सुरू होऊन आठवडा उलटला होता आणि दुसरीच्या मुलांचं वाचन मी एकेकाला जवळ बसवून ऐकत होते. एक मुलगा पहिलीच्या पुस्तकातलं पान घडाघडा वाचत होता. आवाज खणखणीत, कुठे अडखळणं नाही. मी कौतुकाने बघत होते, तेवढ्यात त्याच्या बोटाकडे लक्ष गेलं. तोंडातली शेवटची ओळ संपली तेव्हा बोट अजून तिसऱ्या ओळीवर होतं. मी पुस्तक मिटलं आणि त्याच पानावरचे पाच शब्द पाटीवर उलटसुलट क्रमाने लिहिले. तो बराच वेळ पाटीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "बाई, हे कुठल्या पानावर आहे?"

पहिलीला तो माझ्याच वर्गात होता. वर्षभर त्याच्या नावापुढे मी "वाचतो" असं लिहिलं होतं.

त्याच दुपारी केंद्रप्रमुख सरांचा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचा, फोन आला. आमच्या केंद्रातल्या पहिली-दुसरीच्या शिक्षकांसाठी वाचनाचं प्रशिक्षण घ्यायचंय, सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारी, म्हणून तुम्ही उभ्या राहाल का? एरवी मी घरची कारणं सांगितली असती. मोठ्यांसमोर बोलायची मला भीती वाटते, मुलांसमोर नाही. पण पाटीवरचे ते पाच शब्द अजून पुसले नव्हते. मी हो म्हटलं.

मी नवी मुंबईच्या ऐरोली-दिघा पट्ट्यातल्या एका मराठी शाळेत सतरा वर्षं शिकवते. हे लिहिण्याचं कारण एवढंच, की असं काम अंगावर आलं तेव्हा कागद कुठून सुरू करायचे, पहिल्या दिवशी काय बोलायचं, खर्च कोण करणार, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. आधी हे केलेल्या कुणाचं लिहिलेलं मिळालं असतं तर दोन महिने तरी वाचले असते.

कागदांपासून सांगते. 28 जूनला शाळेच्या लेटरहेडवर विनंतीपत्र दिलं आणि पोच घेतली. पंधरा दिवस काहीच नाही. मध्ये 8 जुलैच्या पावसाने लोकल खोळंबल्या, त्या आठवड्यात कार्यालयात जाणंच झालं नाही. नंतर गेले तेव्हा कळलं, की शिक्षकांची यादी जोडलेली नाही म्हणून पत्र बाजूला पडलंय. हे पहिल्या दिवशी सांगता आलं असतं, पण कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. यादी म्हणजे नुसती नावं चालत नाहीत. शाळेचा यूडायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक), शिक्षकाचा शालार्थ आयडी (पगाराच्या सरकारी प्रणालीतला क्रमांक), वर्ग, माध्यम, मोबाइल नंबर असं सगळं लागतं. 11 शाळांना फोन करून ती गोळा करायला तीन संध्याकाळी गेल्या. 17 तारखेला आषाढी एकादशी आणि मोहरम एकाच दिवशी आल्याने सुट्टी होती. आदेश हातात पडला 18 जुलैला. 28 शिक्षक, सहा शनिवार, शाळा सुटल्यावर साडेबारा ते साडेतीन. खर्चाबद्दल एकच ओळ होती, "आपल्या स्तरावरून योग्य ती कार्यवाही करावी."

आदेशावरचा जावक क्रमांक, म्हणजे कार्यालयातून पत्र बाहेर पडताना त्यावर पडणारा नंबर, आपल्या वहीत टिपून ठेवा. पुढे प्रत्येक कागदावर "संदर्भ" म्हणून तोच लिहावा लागतो आणि मूळ आदेश ऐन वेळी सापडत नाही.

आदेशाची वाट बघण्याचे ते तीन आठवडे मी वाचण्यात घालवले, आणि खरं सांगायचं तर सतरा वर्षांत पहिल्यांदाच मी स्वतःला विचारलं, की मराठी वाचायला शिकणं नेमकं कशामुळे अवघड जातं? साधा हिशेब मांडला. चौतीस व्यंजनं आणि बाराखडीची बारा रूपं, म्हणजे 408 आकृत्या. जोडाक्षरं वेगळीच. त्यातही वेलांटीचा त्रास निराळा. "कि"मधली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण उच्चारायची नंतर. माझ्या वर्गातली दोन मुलं "किती" वाचताना "इक... इत..." का करत होती ते तेव्हा उमगलं. ती धांदरट नव्हती. डावीकडून उजवीकडे जसं दिसतं तसंच वाचत होती.

र तर चार ठिकाणी चार रूपं घेतो. सूर्य, चक्र, राष्ट्र आणि दऱ्या. चार आणि चाक यांतला च लिहायला एक, बोलायला दोन. आपण हे कधी शिकलो ते आपल्याला आठवत नाही, म्हणून मुलांना ते सोपं वाटत असणार असं आपण धरून चालतो.

याच काळात वाडा तालुक्यातल्या मराठी शाळांमध्ये झालेल्या एका अभ्यासाबद्दल वाचलं. वाडा म्हणजे 1 ऑगस्ट 2014 पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यातला तालुका, आता पालघरमध्ये. तिथली मुलं आणि कर्नाटकातल्या यादगीरची कन्नड शिकणारी मुलं कशी वाचायला शिकतात हे अभ्यासकांनी काही वर्षं वर्गात बसून पाहिलं होतं. वर्गातला बराचसा वेळ अक्षरं गिरवण्यात आणि सामूहिक घोकण्यात जातो, अर्थावर बोलणं फार थोडं होतं, हे त्यांचं निरीक्षण. ते वाचताना मला माझाच वर्ग दिसत होता. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी मराठी वाचनावर वर्षानुवर्षं केलेल्या कामाबद्दलही तेव्हाच वाचलं. सतरा वर्षं शिकवतेय आणि ही नावं मला उशिरा भेटली, याची खंत वाटली.

27 जुलै, पहिला शनिवार. माझी तयारी जोरात होती. प्रोजेक्टर मागून आणला, 46 स्लाइड केल्या. 2000 साली अमेरिकेत राष्ट्रीय वाचन समितीने सांगितलेले पाच घटक मांडले. शब्दांतले सुटे ध्वनी ऐकू येणं, ध्वनी आणि अक्षराची सांगड, ओघ, शब्दसंपत्ती, आकलन. निपुण भारत अभियान, म्हणजे लहान वर्गांतल्या मुलांना समजून वाचता आणि साधं गणित करता यावं यासाठीचं केंद्र सरकारचं अभियान, 5 जुलै 2021 ला सुरू झालं तिथपासून उद्दिष्टं सांगितली. दीड वाजेपर्यंत मागच्या बाकांवर वह्या तपासणं सुरू झालं होतं. दोघींनी लोकलची वेळ विचारली. एक सर निघताना म्हणाले, "मॅडम, छान झालं. पीपीटी ग्रुपवर टाका."

चुकीचं त्यात काहीच नव्हतं. फक्त त्यातली एकही गोष्ट सोमवारी सकाळी वर्गात करता येण्यासारखी नव्हती. त्या रात्री मी कळव्याला घरी जाऊन न जेवता झोपले. अजून पाच शनिवार याच चेहऱ्यांसमोर उभं राहायचं होतं.

दुसऱ्या शनिवारी, 10 ऑगस्टला, मी प्रोजेक्टर नेलाच नाही. ओळखीच्या एका काकांना मोडी, म्हणजे पूर्वी मराठी लिहायला वापरत ती लिपी, वाचता येते. त्यांच्याकडून सहा मोडी अक्षरं आणि काना जाड पेनाने कार्डशीटवर काढून घेतले होते. शिक्षकांना म्हटलं, पुढची दहा मिनिटं तुम्ही पहिलीत. अक्षरं दाखवली, दोनदा म्हणून घेतली, "आलं ना सगळ्यांना?" असं विचारलं आणि फळ्यावर मोडीत एक ओळ लिहिली. मोडीत आधी आडवी रेघ पूर्ण ओढून घेतात आणि तिला लटकवून अक्षरं लिहितात. दोन शब्दांमध्ये जागाही सोडत नाहीत. मग एकेकाला उभं करून वाचायला सांगितलं. कुणी अडलं की वर्गात आपण जे म्हणतो तेच म्हणत गेले. "आत्ताच सांगितलं ना?" "लक्ष कुठे आहे?" "बस खाली. तू सांग रे."

वीस वर्षं शिकवलेल्या एका बाईंचा हात कागदावर थरथरत होता. एक सर शेजारच्याच्या ओठांकडे बघून बोलत होते. एकीने पहिल्या अक्षरावरून अख्खा शब्द ठोकून दिला. मागच्या बाकावरचे सर "मॅडम, पाणी पिऊन येतो" म्हणत उठले, आणि क्षणभराने आपण काय बोललो ते लक्षात येऊन दारातच थांबले.

खेळ तिथेच थांबवला. मग फक्त एवढंच विचारलं, की येत नव्हतं तेव्हा तुम्ही काय काय केलंत? उत्तरं फळ्यावर लिहीत गेले. अंदाज केला. शेजाऱ्याचं ऐकलं. पाठ केलं. नजर चुकवली. बाहेर जायचं निमित्त शोधलं. फळा भरला तेव्हा कुणी काही बोलेना. आपल्या वर्गातली कोणती मुलं या फळ्यावर आहेत हे प्रत्येकाला दिसत होतं. कुणालाही प्रशिक्षण द्यायचं असेल तर सुरुवात इथून करा. अनोळखी लिपी कोणतीही चालेल. फक्त ओरडण्याचा भाग संपल्यावर आपण असं का केलं ते मोकळेपणाने सांगा. त्या थरथरणाऱ्या हाताच्या बाईंची मी नंतर माफी मागितली.

24 ऑगस्टचा तिसरा शनिवार माझ्या मते सहाही दिवसांतला सगळ्यात मोलाचा. ज्या शाळेत बसायचो तिथल्या दुसरीच्या सात मुलांना शाळा सुटल्यावर तासभर थांबवून घेतलं. पालकांची लेखी संमती आदल्या मंगळवारीच घेतली होती, मुलांनी खिचडी खाल्लेली होती आणि घरी सोडायला मावशी होत्या. हे तिन्ही जमत नसेल तर मुलांना थांबवू नका. चार शिक्षकांमागे एक मूल. काम एकच, मूल वाचताना ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही, सुधारायचं नाही. प्रत्येकाच्या हातात चार रकान्यांचा कागद. छापलेला शब्द, मुलाने वाचलेला शब्द, मुलाने स्वतः दुरुस्त केला का, आणि चौथ्यात आपला तर्क, की असं का वाचलं असेल.

न बोलणं किती अवघड असतं ते त्या दिवशी दिसलं. मूल दोन सेकंद थांबलं की आपल्या तोंडून शब्द निघतोच. शेवटी एका गटातल्या सरांनी तोंडावर रुमाल धरला.

एका मुलीने "पाणी"चं "पानी" वाचलं आणि "शाळा"चं "शाला". तीन शिक्षकांनी चूक मांडली. चौथ्या बाई रबाळ्याच्या, घरात आगरी बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "अहो, आमच्या घरी पानीच म्हणतात. तिने बरोबर वाचलंय. ण ओळखला म्हणून तर पाण्याचा शब्द आला तिच्या तोंडात." यावर वीस मिनिटं चर्चा झाली. ती मी मुद्दाम थांबवली नाही. आमच्या वर्गांत आगरी बोलणारी मुलं आहेत, मराठवाड्यातून आलेली आहेत, घरात गोरमाटी (बंजारा समाजाची बोली) नाहीतर भोजपुरी बोलणारीही आहेत. अक्षर ओळखता न येणं आणि घरच्या बोलीत उच्चारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाचणीत दोन्हीला एकच फुली मारली तर कोणत्या मुलाला काय शिकवायचं ते आपल्याला कधीच कळणार नाही.

दुसऱ्या एका मुलाने आठ शब्द चुकवले. कागद बघितला तर आठांपैकी सहा ठिकाणी चूक फक्त वेलांटी-उकाराची होती, अक्षर सगळीकडे बरोबर. त्याच्या वर्गशिक्षिका तिथेच होत्या. त्या कागद हातात धरून म्हणाल्या, "मी याला परत अ आ इ ई पासून सुरू केलं होतं."

पुढचा शनिवार 7 सप्टेंबर, गणेश चतुर्थी. त्यानंतरच्या आठवड्यात कुणीच जागेवर नसतं, म्हणून चौथा दिवस थेट 21 सप्टेंबरला ठेवला. प्रशिक्षणाच्या तारखा ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर समोर ठेवा आणि गणपती, नवरात्र, दिवाळी आधीच खोडून टाका.

त्या दिवशी अक्षरगटांवर काम केलं. क पासून ज्ञ पर्यंत सगळी अक्षरं संपेपर्यंत थांबायचं आणि मग शब्द, असं न करता चार-पाच चिन्हं शिकवली की लगेच त्यांचे शब्द, लगेच वाक्य. म, क, र, ब आणि काना एवढीच कार्डं गटागटाला दिली. काम, मका, बाक, राम, करा, बारा, बकरा, कमर, मकर... दहा मिनिटांत एका गटाने 26 शब्द काढले. मग एका बाईंनी कार्डं लावून वाक्य वाचलं, "मामा, मका बरा का?" सगळे एकदम हसले, आणि ते हसू मला हवंच होतं. पाच चिन्हं शिकलेलं मूल पहिल्याच आठवड्यात अर्थ असलेलं, प्रश्नचिन्ह असलेलं वाक्य वाचू शकतं. "बाई, हे कुठल्या पानावर आहे" असं त्याला विचारावं लागत नाही, कारण हे कुठल्याच पानावर नसतं.

इथेच माझ्याकडून एक चूक झाली. 29 वर्षं सेवा झालेल्या एका ज्येष्ठ बाई उठून म्हणाल्या, "बाराखडी म्हणून घेतली म्हणूनच आमच्या पिढ्या वाचायला लागल्या. त्यात ताल आहे. मुलं ताल विसरत नाहीत." मी वाचलेलं डोक्यात ताजं होतं. घोकंपट्टीने काय होतं यावर मी पाच मिनिटं बोलले. त्या शांतपणे खाली बसल्या. चहाच्या वेळी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "मी पुढचं सांगणार होते. तुम्ही बोलू दिलं नाहीत."

5 ऑक्टोबरला पहिली वीस मिनिटं मी त्यांना दिली. त्यांनी शिक्षकांनाच मुलं केलं. सगळे मिळून "क का कि की कु कू" चालीवर म्हणताहेत आणि त्या मध्येच टाळी वाजवतात. टाळी वाजली की थांबायचं आणि ज्या अक्षरावर थांबलो त्याचं कार्ड उचलायचं. मग त्याच ठिकाणापासून ब ची बाराखडी पुढे. "कु" वर टाळी, पुढे "बू बे बै". ताल तोच, पण डोळे आणि कान एकाच आकृतीवर आणून बांधलेले. त्या हे कितीतरी वर्षं करत होत्या आणि आजवर त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. मी अक्षरगटांच्या टिपणात त्यांचा खेळ घातला. बाराखडी म्हणणं बंद करा, असं मी आता कुणालाच सांगत नाही.

त्याच दिवशी उरलेला वेळ आकलनावर. 1986 साली गफ आणि टनमर या अभ्यासकांनी मांडलेलं एक साधं सूत्र आहे. लिपी उलगडता येणं गुणिले भाषा समजणं म्हणजे वाचन. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य. गणितात कच्च्या मुलालाही समजेल अशी ही गोष्ट शिक्षकांना लगेच पटली. मग प्रश्न आला तो वेगाचा. निपुणच्या उद्दिष्टांत दुसरीच्या शेवटी मिनिटाला 45 ते 60 शब्द समजून वाचावेत असं आहे. त्यातलं "समजून" गळून पडतं आणि मोबाइलवरचं घड्याळ उरतं. एका सरांनी स्वतःहून सांगितलं, की त्यांची मुलं आता श्वास न घेता वाचतात आणि मग "बकरी कुठे गेली?" विचारलं की पुन्हा पुस्तकात तोंड घालतात. यावर आम्ही एवढंच ठरवलं, की मिनिट मोजायचं असेल तर मोजा, पण त्यानंतर दोन प्रश्न विचारल्याशिवाय आकडा वहीत लिहायचा नाही. त्यातला एक प्रश्न असा हवा की उत्तर ओळीत सरळ सापडणार नाही.

आणि रोज दहा मिनिटं बाईंनी मुलांना मोठ्याने गोष्ट वाचून दाखवायची. मुलांनी फक्त ऐकायचं, बोलायचं, पुढे काय होईल ते सांगायचं. ज्यांना अजून अक्षरं येत नाहीत त्यांचीही भाषेची बाजू या दहा मिनिटांत वाढते. "अभ्यासक्रम कधी संपवायचा?" हा प्रश्न आला, येणारच होता. त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी परिपाठातली दहा मिनिटं वापरते, एवढं सांगितलं.

शेवटचा शनिवार 19 ऑक्टोबरला ठरला होता. 15 तारखेला विधानसभा निवडणूक जाहीर झाली आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांना निवडणुकीच्या कामाचे आदेश आले. मग दिवाळीची सुट्टी, मग 20 नोव्हेंबरचं मतदान. सहा आठवडे खंड पडला. मला वाटलं, आता हे सगळं विरून जाणार. ग्रुपवर रोज शुभ सकाळ येत होतं, वाचनाचं काही नाही. म्हणून एक नियम केला. आठवड्यातून प्रत्येकाने एकच आवाजाची क्लिप टाकायची, एका मुलाचं एका मिनिटाचं वाचन. मुलाचं नाव नाही, फोटो नाही, शाळेचं नाव नाही. आणि इतरांनी उत्तरात "छान" लिहायचं नाही. त्या मुलाला पुढे काय शिकवाल तेवढंच लिहायचं. 28 पैकी 13 जणांनी टाकल्या. सगळ्यांनी टाकाव्यात म्हणून मी मागे लागले नाही. निवडणुकीच्या ड्यूटीवरून रात्री घरी येणारी माणसं होती ती.

30 नोव्हेंबरला सहावा दिवस झाला. नवीन काही शिकवलं नाही. प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या एका मुलाचे ऑगस्टपासूनचे कागद आणायचे होते. काहींनी एकच आणला, काहींनी पाच. त्यावरच तीन तास बोललो, चहा दोनदा झाला.

आता खर्च, कारण हे कुणी लिहीत नाही. झेरॉक्स एकूण 1,460 रुपये. कार्डशीट, मार्कर, स्केचपेन 890. चहा आणि वडापाव दर शनिवारी 750 प्रमाणे सहा दिवसांचे 4,500. सगळे मिळून 6,850. आमच्या शाळांच्या केंद्राकडून 3,000 मिळाले, तेही जानेवारीत. शिक्षकांनी प्रत्येकी 100 काढले ते 2,800, आणि 1,050 माझे गेले. शिक्षकांकडून पैसे घेताना मला संकोच वाटला. पण भर दुपारी, सकाळची शाळा करून आलेल्या माणसांना उपाशी बसवून वाचनाबद्दल बोलायचं हे मला पटत नव्हतं. वडापाववाल्याकडे बिलबुक नसतं. साध्या कागदावर तारीख, रक्कम आणि सही त्याच दिवशी घेऊन ठेवा, महिन्याने मागितली तर त्याला आठवत नाही. हजेरीपत्रकावर येण्याची आणि जाण्याची अशा दोन सह्या घ्या. दोन्ही नसल्याने माझे पहिल्या दिवसाचे कागद परत आले होते आणि 28 जणांच्या सह्यांसाठी मी दिघा गाव स्थानकापासून घणसोलीपर्यंत दोन दिवस शाळा पालथ्या घातल्या. दिघा गाव स्थानक जानेवारी 2024 मध्ये सुरू झालं म्हणून तेवढं तरी सोपं गेलं. आधी ऐरोलीला उतरून रिक्षा करावी लागायची. फोटो तारीख आणि ठिकाण उमटेल असेच काढा, नुसते चालत नाहीत.

अहवाल 9 डिसेंबरला दिला. उत्तरचाचणीत, म्हणजे प्रशिक्षण संपल्यावरच्या चाचणीत, शिक्षकांचे गुण वाढले, तो तक्ता जोडला, कारण तो लागतो. पण शिक्षकाने चाचणीत बरोबर उत्तर लिहिलं म्हणजे त्याच्या वर्गात काही बदललं असं मला वाटत नाही. म्हणून केंद्रप्रमुख सरांना विनंती करून आठ वर्गभेटींची परवानगी मागितली. तपासणीसाठी नाही, सोबत बसण्यासाठी, असं पत्रातच लिहिलं. पाच भेटी झाल्या. त्यातल्या दोन वर्गांत सगळं पूर्वीसारखंच होतं, मुलं एका सुरात पाठ म्हणत होती. त्या शिक्षकांना दोष द्यावा असं नाही. एकाकडे पहिली आणि दुसरी दोन्ही वर्ग आहेत, 54 मुलं.

माझ्या स्वतःच्या वर्गात जूनमध्ये 31 पैकी 9 मुलं अनोळखी सोपा परिच्छेद वाचत होती. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात 17. सात मुलं अजून अक्षर आणि काना-वेलांटीतच आहेत. पाटीवाला मुलगा त्या सतरांत नाही. पण आता तो पाठ म्हणत नाही. हळू वाचतो, अडतो, मागे जाऊन परत वाचतो. जूनमधल्या खणखणीत आवाजापेक्षा मला हे अडखळणं जास्त आवडतं.

12 डिसेंबरला त्या ज्येष्ठ बाईंच्या वर्गात गेले. टाळीचा खेळ चालू होता. तो संपल्यावर त्यांनी मला त्यांची वही दाखवली. माझा चार रकान्यांचा कागद त्यांनी वहीत आडवा आखून घेतला होता आणि पाचवा रकाना स्वतः वाढवला होता, "घरी काय बोलतात". एका ओळीत "पाणी", पुढे "पानी", आणि शेवटच्या रकान्यात "आगरी. बरोबर."

मी वही परत दिली तेव्हा त्यांनी खिडकीजवळच्या बाकाकडे बोट केलं. "त्याचं 'राष्ट्र' काही केल्या होत नाहीये. इथे माझ्याशेजारी बसा आणि ऐका जरा. मध्ये बोलू नका हं, बाई."